विटकरी पाठीचा बेडूक

एप्रिल २०१७ मध्ये ‘इम्युनिटी’ या शोधपत्रिकेत एक निबंध छापून आला आणि बेडूक जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. केरळातल्या एका बेडकाच्या त्वचास्रावात फ्लूच्या विषाणूचा चुरा करणारं पेप्टाइड सापडलं होतं. नाव ठेवलं उरुमिन. उरुमी म्हणजे कलरीपयट्टूतली लवलवणारी तलवार, आपल्या दांडपट्ट्याची लांबची बहीण. बातमीदार त्या तलवारीवरच भाळले. बेडकाच्या नावाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ते होतं हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा, आणि त्याचं बारसं दोनच वर्षांपूर्वी पुण्याच्या मंडळींनी केलं होतं.

मुळशीच्या पलीकडे, ताम्हिणीच्या अंगाला, पावसाळी रात्री बॅटरी घेऊन हिंडणाऱ्यांना हा बेडूक नवा नाही. मुठीत मावेल एवढा. पाठ विटकरी, कुशी काळ्याभोर, आणि दोन रंगांमधली सीमा पट्टी धरून आखल्यासारखी. मला बेडकांचं वेड लागलं ते याच्यामुळे. मुळशी म्हटलं की लोकांना धरण आठवतं, सेनापती बापट आठवतात, हल्ली रिसॉर्ट आठवतात. मला हा आठवतो.

तर ते बारसं. १८३८ मध्ये चुडी नावाच्या स्विस निसर्गअभ्यासकाने मलबारच्या बेडकाला ‘मलबारिका’ म्हटलं. पुढे पावणेदोनशे वर्षं दक्षिण भारतात विटकरी पाठीचा बेडूक दिसला की याद्यांमध्ये हेच नाव पडत गेलं. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले आनंद पाध्ये आणि तेव्हा आयसर पुण्यात असलेले नीलेश डहाणूकर हे दोघे उत्तर सह्याद्रीतल्या उभयचरांच्या मागे वर्षानुवर्षं लागलेले. पाध्ये आणि हेमंत घाटे यांनी २००२ मध्ये महाराष्ट्रातल्या उभयचरांचा आढावा घेतला. डहाणूकर आणि पाध्ये यांनी २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये खास ताम्हिणीच्या उभयचरांवर निबंध लिहिला. चिखलात उभं राहून मोजमापं घ्यायची, आवाज ओळखायचे, पुन्हा पुढच्या पावसाळ्यात तिथेच जायचं, असं हे काम. परदेशी पाहुण्यांसमोर मिरवण्याजोगं त्यात काही नसतं.

२०१५ मध्ये पाध्ये, अनुश्री जाधव, निखिल मोडक, केरळचे पी. ओ. नमीर आणि डहाणूकर यांनी ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’त दाखवून दिलं की मलबारचा बेडूक निराळा आणि द्वीपकल्पात दूरवर पसरलेला हा निराळा. पसरला आहे म्हणून बहुविस्तारा. नाव इतकं सरळ ठेवल्याबद्दल त्यांचं कौतुक करावंसं वाटतं. नाहीतर आडनावं लॅटिनमध्ये कोंबण्याची हौस या क्षेत्रात कमी नाही. (याच गटाने २०१३ मध्ये घाटे सरांच्या नावाने ‘राओर्चेस्टिस घाटेई’ आणला, हेही खरं. पण ते गुरुऋण, माफ आहे.)

हा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण बेडकाच्या कातडीतली पेप्टाइडं जातीगणिक बदलतात. दिसायला सख्खे भाऊ वाटणाऱ्या दोन जातींच्या ग्रंथींत वेगळा मसाला असू शकतो. बाटलीवर चुकीचं नाव असेल तर पुढच्या संशोधकाने तोच स्राव कुठल्या ओढ्यावर शोधायचा?

तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीने बेडकांना विजेचा सौम्य झटका देऊन स्राव गोळा केला आणि बेडूक सोडून दिले. अमेरिकेत एमरी विद्यापीठात जोशी जेकब यांच्या प्रयोगशाळेत ३२ पेप्टाइडं फ्लूच्या विषाणूवर तपासली गेली. चार कामाची निघाली. औषधाच्या शोधात हजारो रेणू चाळल्यावर एखादा गवसतो. बत्तिसात चार पाहून आपण खुर्चीवरून पडायचे बाकी होतो, असं जेकब यांनी नंतर सांगितलं. त्यातल्या तिघांनी माणसाच्या तांबड्या पेशीही फोडल्या, म्हणून ती बाद. उरलं ते उरुमिन, २७ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी.

पुणेकरांना एच१एन१ची ओळख करून द्यायला नको. स्वाईन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये याच शहरात गेला. या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचे खुंट असतात. खुंटाचा शेंडा सतत रूप पालटतो, म्हणून लस वारंवार नवी करावी लागते. देठ मात्र फारसा बदलत नाही. उरुमिन या देठालाच चिकटतं आणि विषाणू फुटतो. जुन्या आणि नव्या एच१ विषाणूंवर ते चाललं, नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणाऱ्यांवरही चाललं. नाकातून दिल्यावर उंदीर वाचले. एच३ गटावर मात्र त्याची मात्रा लागू पडली नाही.

बातम्या इथे थांबल्या. खरी रंगत मला बेडकांच्या पेप्टाइडांवरून झालेल्या एका जुन्या भांडणात सापडली.

अमेरिकी संशोधक मायकेल झासलॉफ यांची गोष्ट विज्ञानवाचकांना पाठ असेल: आफ्रिकी बेडकांवर शस्त्रक्रिया करून टाके घातले, गढूळ पाण्यात सोडले, तरी जखमा चिघळेनात, त्यातून १९८७ मध्ये मॅगेनिन हे जंतुनाशक पेप्टाइड हाती लागलं. त्याच वर्षी आपल्या सरकारने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. तोवर शेतातले बेडूक पोत्यांनी परदेशी ताटांत जात होते. जग बेडकाच्या कातडीला सोन्याचा भाव द्यायला निघालं त्या साली आपण तंगड्या विकणं थांबवलं, हा योगायोग मला फार आवडतो.

मॅगेनिनसारखी पेप्टाइडं धनभारित असतात, जिवाणूचं आवरण ऋणभारित. चिकटायचं आणि आवरणालाच भगदाड पाडायचं, ही त्यांची रीत. आवरण मुळापासून बदलणं जिवाणूला परवडणार नाही, तेव्हा प्रतिकार निर्माण होणं अवघड, असा झासलॉफ यांचा भरवसा होता. मॅगेनिनवरून घडवलेलं पेक्सिगनान मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी मलम म्हणून तयारही झालं.

२००३ मध्ये मॅकगिल विद्यापीठातले उत्क्रांतिशास्त्रज्ञ ग्रॅहॅम बेल (टेलिफोनवाले नव्हेत) आणि फ्रान्सचे पिएर-आंरी गुयों यांनी त्यावर लेखच ठोकला. मथळ्यातच आरोप होता: तुम्ही शत्रूला शस्त्र पुरवताय. आपल्या कातडीत, आतड्यातही अशीच पेप्टाइडं असतात. जिवाणू औषधाला सरावले तर उद्या आपल्या शरीराच्या बचावालाही सरावतील. झासलॉफ यांना ते पटेना. मग बेल आणि झासलॉफ यांनी जे केलं ते आपल्याकडच्या वादांत क्वचितच होतं: एकत्र प्रयोग केला. गॅब्रिएल पेरॉन या विद्यार्थ्याने दोन प्रकारच्या जिवाणूंचे २४ वंश पेक्सिगनानच्या वाढत्या मात्रेत वाढवले. सहा-सातशे पिढ्यांनंतर २४ पैकी २२ वंश निगरगट्ट झाले. २००६ मध्ये निबंध छापला गेला, त्यावर झासलॉफ यांचंही नाव आहे. स्वतःच्या पराभवाखाली सही करणारा संशोधक मला त्याच्या शोधाहून मोठा वाटतो.

पेक्सिगनानचं पुढे काही भलं झालं नाही. अमेरिकी औषध प्रशासनाने १९९९ मध्येच ते नाकारलं होतं. दुसऱ्या कंपनीने पुन्हा चाचण्या घेतल्या, त्या २०१६ मध्ये फसल्या. नुसत्या मलमापेक्षा ते सरस ठरलं नाही. शिवाय पेप्टाइड पोटात पचून जातं, रक्तात टिकत नाही, बनवायला महाग पडतं. बेडकाला या अडचणी नसतात, तो ते कातडीवर ताजं वापरतो.

आणि त्यालाही ते नेहमी पुरत नाही. कायट्रिड बुरशीने जगभर बेडकांच्या जातीच्या जाती नष्ट केल्या. डहाणूकर, पाध्ये आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही तिचा आशियाई वाण सापडला. माझ्या मते औषधकंपन्यांनी पाहावं ते इथे. इतरत्र घाऊक मरण आणणारी बुरशी अंगावर वागवत आपले बेडूक भातखाचरात ओरडत कसे राहतात?

उरुमिनचा २७ आम्लांचा क्रम आता छापील आहे. तो वाचून कुठलीही प्रयोगशाळा ते पेप्टाइड यंत्रावर घडवू शकते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तर असे हजारो क्रम ‘कॅम्प’ नावाच्या मुक्त माहितीसाठ्यात कधीपासून लावून ठेवले आहेत, आणि ते चांगलंच आहे. प्रश्न वाट्याचा आहे. २००२ चा जैवविविधता कायदा लिहिताना डोळ्यांपुढे होती ती पोत्यातली, बरणीतली संपत्ती. अक्षरांच्या माळेला पोतं लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराखाली सुरू झालेल्या काली निधीत अशा क्रमांवर कमावणाऱ्या कंपन्यांनी पैसे टाकायचे आहेत आणि निदान अर्धा वाटा स्थानिकांना जायचा आहे. टाकायचे ते राजीखुशीने, म्हणजे किती येतील ते आपण जाणतोच. आले, तर ओढ्याकाठच्या गावांबरोबर एक हप्ता बेडकांची बारशी करणाऱ्या कॉलेजांच्या नावेही निघावा. बॅटरीचे सेल आणि ताम्हिणीपर्यंतचं पेट्रोल ही मंडळी बऱ्याचदा खिशातून भरतात.