शाळेतला जुना संगणक आणि फुगलेले कपॅसिटर



आमच्या शाळेत देणगीत मिळालेले दोन जुने संगणक आहेत. त्यातला एक मध्येच बंद पडायला लागला. "भंगारात द्या, मॅडम," असं सगळ्यांचं मत. पण मग पूर्ण वर्गाला एकच संगणक उरला असता. उघडून पाहिलं, तर मदरबोर्डवरच्या तीन कपॅसिटरची डोकी फुगलेली!

कपॅसिटर म्हणजे काय?
मुलांना मी सांगते, ही विजेची छोटी टाकी. नळाला पाणी कमी-जास्त आलं तरी टाकीमुळे धार सारखी राहते, तशी प्रोसेसरला स्थिर वीज मिळते. आत इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव असतो. तो बिघडला की वायू तयार होऊन डोकं फुगतं. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर होते.

नवीन घेताना काय बघावं?
१) मायक्रोफॅरडचा आकडा : जुन्याइतकाच.
२) व्होल्ट : तेवढेच किंवा थोडे जास्त, कमी कधीच नको.
३) तापमान : १०५ अंश लिहिलेला घ्या, ८५ चा नको.
४) प्रकार : 'लो ईएसआर'. मी आधी साधेच आणले होते. दुरुस्तीवाल्या दादांनी परत पाठवलं. साधा कपॅसिटर तिथे तापतो आणि लवकर जातो.
५) माप : जाडी, उंची आणि दोन पायांमधलं अंतर. जागेत बसला पाहिजे ना!

कुठे मिळतील?
मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. जुना नमुना सोबत न्या. भंगार बोर्डावरचे काढून लावू नका, त्यांचंही वय झालेलं असतं. तीन फुगले असतील तर त्याच जातीचे बाकीचेही बदलून घ्या.

हे विसरू नका
कपॅसिटरवरचा पट्टा म्हणजे ऋण बाजू. उलटा लागला तर फुटू शकतो. म्हणून काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. सोल्डरिंग जाणकाराकडूनच करून घ्या. आणि वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आत ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते.

आमचा संगणक आता नीट चालतोय. काढलेले कपॅसिटर मी डबीत ठेवलेत. 'टाकी' शिकवताना तेच दाखवते. तुमच्या शाळेतला बंद संगणक भंगारात देण्याआधी एकदा उघडून नक्की बघा!