मुंबईतील वित्तशिक्षण व संशोधन

भारतीय रिझर्व्ह बँक, सेबी, भारतीय स्टेट बँक आणि देशातील दोन प्रमुख शेअर बाजार यांची मुख्यालये मुंबईत असल्याने वित्तविषयक शिक्षण व संशोधनही या शहरात एकवटले आहे. या क्षेत्राची उभारणी विद्यापीठापेक्षा बँका व नियामक संस्था यांनी अधिक केली, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

आरंभ

सिडनहॅम वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय १९१३ मध्ये स्थापन झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय असा त्याचा उल्लेख केला जातो. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात येथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये लंडन येथे प्रकाशित झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रिझर्व्ह बँक थेट या ग्रंथातून जन्मली असे अनेकदा सांगितले जाते. परंतु ग्रंथाचा मुख्य विषय मध्यवर्ती बँक नसून चलनाचे मूल्य स्थिर कसे राखावे हा आहे. त्याचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात चं. न. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी चलन व नियोजन या विषयांची अभ्यासपरंपरा घडविली.

बँक कर्मचाऱ्यांचे शिक्षण मात्र निराळ्या वाटेने गेले. १९२८ मध्ये स्थापन झालेली बँकर्स संस्था (आजची भारतीय बँकिंग व वित्त संस्था) वर्ग भरविण्यापेक्षा परीक्षा घेणारी संस्था म्हणून वाढली. नोकरी सांभाळून जेएआयआयबी व सीएआयआयबी या परीक्षा देणे आणि उत्तीर्ण झाल्यावर वेतनवाढ मिळविणे हा बँक कर्मचाऱ्यांच्या अनेक पिढ्यांचा परिपाठ आहे.

ग्रामीण पतपाहणी

मुंबईत आखल्या गेलेल्या वित्तसंशोधनापैकी सर्वाधिक परिणामकारक काम शहराविषयी नव्हे, तर खेड्यांविषयी होते. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला संचालन समितीचे अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या व एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांमध्ये कुटुंबांचे कर्जव्यवहार नोंदविण्यात आले.

निष्कर्ष धक्कादायक होते. शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सरकारचा वाटा ३.३ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा अवघा ०.९ टक्का होता. व्यावसायिक सावकार व शेतकरी-सावकार मिळून सुमारे ७० टक्के कर्ज पुरवीत. सहकारी पतपुरवठ्याचा कायदा १९०४ मध्येच झालेला असल्याने, अर्ध्या शतकाच्या प्रयत्नांनंतरचे हे चित्र होते. सहकारी संस्थांच्या भांडवलात शासनाने भागीदार व्हावे आणि ग्रामीण भागात शाखा काढणारी एक मोठी सरकारी बँक असावी, अशी शिफारस समितीने १९५४ मध्ये केली. त्यानुसार इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली. ग्रामीण ऋणाची अशी पाहणी पुढे साधारणपणे दर दहा वर्षांनी होत राहिली.

नियामकांच्या संस्था

रिझर्व्ह बँकेने १९५४ मध्ये मुंबईत बँकर्स प्रशिक्षण महाविद्यालय सुरू केले. चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी, १९६९ मध्ये, राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था मुंबईतच स्थापन झाली. ती नंतर पुण्यास हलविण्यात आली. गोरेगाव येथील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (१९८७) रिझर्व्ह बँकेच्या निधीवर चालते आणि तिला १९९५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. किरीट पारिख तिचे संस्थापक संचालक होते.

या रचनेमुळे संशोधन धोरणाच्या निकट राहते. मात्र ज्या संस्थेच्या निर्णयांची चिकित्सा करावयाची, तीच निधी पुरविणारी असते. स्वतंत्र चिकित्सेसाठी अभ्यासकांना मुंबईतूनच निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ या नियतकालिकाचे व्यासपीठ मोलाचे ठरले. सचिन चौधुरी यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या ‘इकॉनॉमिक वीकली’चे ते १९६६ पासूनचे रूप होय.

सेबीने २००६ मध्ये राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था स्थापन केली. तिचा परिसर रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे आहे. म्युच्युअल फंडाच्या वितरकांना तिची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.