भात पचतो, मग पेंढा का नाही?

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज एन्झाइमवर बोलायला उभे आहोत. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. निमित्त आपल्या पिरंगुटचंच आहे. मुळशी हा भाताचा तालुका, आणि इथून जवळ उरवड्यात प्राज इंडस्ट्रीजचं ‘मॅट्रिक्स’ हे संशोधन केंद्र आहे. पेंढ्यासारख्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल कसं करायचं, यावर या कंपनीने बरीच वर्षं काम केलंय.

तांदळाचा दाणा स्टार्चचा, पेंढ्यात मोठा वाटा सेल्युलोजचा. दोन्ही ग्लुकोजच्याच माळा! फरक ओवण्यात आहे. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा मणी उलटा फिरवलेला असतो. त्यामुळे माळ सरळ राहते आणि शेजारच्या माळेला घट्ट चिकटते. आज घरी गेल्यावर भाताचा घास न गिळता चावत राहा, हळूहळू गोडसर लागेल. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्चचे सांधे तोडतं. पेंढ्याची काडी तासभर चावली तरी तशी गोडी यायची नाही. सांधा उलटा, म्हणून अमायलेजच्या खाचेत तो बसतच नाही. गाय खाते ना पेंढा, असं कुणी म्हणेल. पण तिच्यापाशीही ते एन्झाइम नाही बरं का, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते पुरवतात.

या खाचेला एमिल फिशरने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली. पुढे १९५८ मध्ये कॉशलंडने सांगितलं की खाच इतकी ताठर नसते, पदार्थ आत आला की ती थोडी आवळून त्याला धरते. आम्हाला मात्र घाटाची उपमा जवळची वाटते. ताम्हिणीचा चढ चढल्याशिवाय कोकणात उतरता येत नाही. एन्झाइम म्हणजे मध्ये काढलेला बोगदा. कोकण होतं तिथेच राहतं, चढ तेवढा वाचतो. जी क्रिया मुळात होण्यासारखीच नाही, ती एन्झाइम घडवू शकत नाही. नैयायिकांनी याला निमित्तकारण म्हटलं असतं. माती घटात उरते, कुंभाराचा दंडा बाजूला राहतो. तसंच हेही काम झालं की मोकळं होतं, पुढच्या सांध्याकडे वळतं.

पेंढ्याला लागणारी एन्झाइमं कुठून आणायची? दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजू लागले. ते खाणारी एक बुरशी सापडली, तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसी. आजही या उद्योगातली पुष्कळ एन्झाइमं तिच्याच वंशातून येतात. एक एन्झाइम माळ मध्येच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन मणी काढतं, तिसरं त्या जोडीचे दोन मणी सुटे करतं.

आता अडचणी बघा. ही एन्झाइमं साधारण पन्नास अंशांवर आणि किंचित आंबट पाण्यात जोमाने चालतात. तापमान आणखी वाढवलं की प्रथिनाची घडी उलगडते, उकडलेल्या अंड्यासारखी. लोक म्हणतात, एन्झाइम ‘मेलं’. हा शब्द आम्हाला खटकतो, कारण ते जिवंत कधी नव्हतंच. बिघडला तो आकार. शिवाय साखरेचं इथेनॉल करणाऱ्या यीस्टला तीस-पस्तीस अंशच मानवतात. दोघांना एका टाकीत नांदवायचं तर कुणीतरी पडतं घ्यायलाच हवं.

त्याहून गमतीची अडचण अशी, की साखर साचली की एन्झाइम मंदावतं. सुटलेले मणीच खाचेत जाऊन बसतात आणि माळेला जागा उरत नाही. वर लिग्निनचं कवच आहेच. ते आधी वाफेने किंवा आम्लाने सैल करावं लागतं, नाहीतर एन्झाइम सांध्यापर्यंत पोचतच नाही. इतकं करूनही दोन-तीन दिवस जातात, आणि एन्झाइमही दाण्यापेक्षा बरंच जास्त ओतावं लागतं.

म्हणून आपल्या देशात तांदूळ आणि मक्यापासून इथेनॉल करणं सोपं पडतं. दाण्याचा सांधा पटकन तुटतो. पण तो दाणा कुणाच्या तरी ताटातला असतो, आणि पंजाब-हरियाणात पेंढा शेतातच पेटवला जातो. हे आम्हाला बरं वाटत नाही. पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. तंत्रज्ञान प्राजचं, उद्दिष्ट वर्षाला दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल. म्हणजे किलोला साधारण दीडशे मिलिलिटर, चहाचा एक मोठा कप. तो कप भरायला किती एन्झाइम खर्च होतं, यावर पेंढा कारखान्यात जाणार की शेतातच जळणार, हे बरंचसं ठरतं.