लोकलटॉक अनुयोजक व त्यांतील दोषशोधन

ॲपल कंपनीचे १९८० नंतरच्या दशकातील संगणक व मुद्रक ज्या मंदगती जालाने एकमेकांस जोडले जात, त्यास लोकलटॉक म्हणतात. हे जाल आजच्या ईथरनेट वा वाय-फाय जालाशी सांधणाऱ्या लहान इलेक्ट्रॉनीय साधनाला लोकलटॉक अनुयोजक (अडॅप्टर) ही संज्ञा आहे. १९९० नंतरच्या दशकात असे अनुयोजक काही कंपन्या तयार करीत. हल्ली ते मुख्यत्वे हौशी तंत्रज्ञ स्वस्त सूक्ष्मनियंत्रक वापरून बनवितात. त्यांचे महत्त्व केवळ छंदापुरते मर्यादित नाही. जुन्या संगणकांचे फ्लॉपी चालक एकामागून एक निकामी होत आहेत आणि आत अडकलेली हस्तलिखिते, हिशेब व चित्रे बाहेर काढण्यास पुष्कळदा हीच वाट उरते. ती बंद पडली, तर दोष नेमका कोठे आहे हे पद्धतशीर शोधता येणे आवश्यक ठरते.

मॅकिंटॉश संगणक जानेवारी १९८४ मध्ये व लेझररायटर हा मुद्रक १९८५ मध्ये बाजारात आला. मुद्रकाची किंमत ६,९९५ डॉलर होती व त्यातील प्रक्रियक खुद्द मॅकिंटॉशमधील प्रक्रियकापेक्षा वेगवान होता. एवढे महाग यंत्र एकाच टेबलावर अडकवून ठेवणे परवडणारे नव्हते. ते अनेकांत वाटून वापरता यावे हे या जालाचे तत्कालीन प्रयोजन होय. प्रत्येक मॅकिंटॉशमध्ये अनुक्रमी (सिरियल) संदेशवहनासाठी झायलॉग ८५३० हे एकात्मीकृत मंडल आधीच होते. त्याचाच उपयोग केल्याने जालासाठी संगणकात वेगळे पत्रक बसवावे लागले नाही. बाहेर फक्त एक छोटी जोडपेटी व केबल पुरे होई. वेग सेकंदाला २,३०,४०० बिट, एका केबलीवर जास्तीत जास्त ३२ यंत्रे व एकूण लांबी ३०० मी. अशा मर्यादा होत्या. फॅरलॉन कंपनीच्या फोननेट पेट्यांमुळे महागड्या केबलीऐवजी साधी दूरध्वनीची तार वापरता येऊ लागली.

दोषशोधनाची सुरुवात तारेपासून करावी. जोडपेटीत रोहित्र असते व संकेतन अशा प्रकारचे असते की, जोडीतील दोन तारांची अदलाबदल झाली तरी संदेश वाचता येतो. त्यामुळे नवशिके ज्या उलटसुलट तारांचा प्रथम संशय घेतात तो बहुधा अनाठायी असतो. खरा दोष अंत्यरोधकांत (टर्मिनेटर) सापडतो. फोननेटच्या केबलीस दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक हवा. तो नसेल, तर टोकावरून परावर्तित झालेले संदेश मूळ संदेशात मिसळतात व जाल अधूनमधून चालते, जे पूर्ण बंद पडण्यापेक्षा अधिक त्रासदायक असते. ॲपलच्या मूळ पेट्यांत हा रोधक आपोआप जोडला जाई. म्हणून दोन्ही प्रकारच्या पेट्या एकाच केबलीवर मिसळल्यास घोटाळा संभवतो.

मुद्रकाबाबतही एक गैरसमज आढळतो. गोल आठ टाचण्यांची खोबण दिसली म्हणजे मुद्रक लोकलटॉकवर चालेलच असे नाही. इमेजरायटर २ मध्ये त्यासाठी निराळे पत्रक बसवावे लागे. पत्रक नसल्यास तो साधा अनुक्रमी मुद्रक असतो आणि कोणताही अनुयोजक त्यास जालावर आणू शकत नाही. लेझररायटर २ एससी हा तर स्कझी खोबणीने जोडला जाई. पहिल्या लेझररायटरच्या मागील निवडकळ ॲपलटॉक या स्थानी असली पाहिजे. मुद्रक सुरू करताच तो एक प्रारंभपृष्ठ छापतो. ते नीट निघाले, तर छपाईची यंत्रणा ठीक असून दोष जोडणीत आहे असे समजावे.

मग अनुयोजक बाजूस ठेवून संगणक व मुद्रक दोन पेट्या आणि केबल एवढ्यांनीच जोडून पहावेत. तसे छापले जात असेल, तरच अनुयोजकाकडे वळावे. जोडाजोड करताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत. जुन्या यंत्रांतील विद्युत् विश्लेष्य धारित्रांतून गळणारा द्रव मंडलफलकावरील वाहक रेषा खातो. एसई/३० या प्रतिमानात हे फार आढळते व खोबणच निकामी झाल्याचे त्यावरून कळते.

अनुयोजकाचे विशेष दोष समजण्यास लोकलटॉकमधील संवादाची रीत पाहणे आवश्यक आहे. एका यंत्राला दुसऱ्यास काही पाठवावयाचे असल्यास ते प्रथम ‘पाठवू का?’ अशा अर्थाची लहान चौकट पाठविते. समोरच्याने २०० मायक्रोसेकंदांच्या आत ‘पाठव’ असे उत्तर द्यावे लागते. या वेळात तारेवरून जेमतेम पाच-सहा बाइट जातात. वाय-फायवरून दुसऱ्या खोलीतील यंत्राचे उत्तर यावयास मात्र एक ते कित्येक मिलिसेकंद लागतात. म्हणजे खरे उत्तर वेळेत येणे अशक्यच आहे. म्हणून अनुयोजक दूरच्या यंत्राच्या नावाने स्वतःच ‘पाठव’ म्हणतो, चौकट घेतो व मग सवडीने पुढे धाडतो. ही सोयीची लबाडी होय. परंतु तिच्यासाठी पलीकडे कोणकोणत्या क्रमांकांची यंत्रे आहेत हे अनुयोजकास ठाऊक असावे लागते.

यावरून एक उपयुक्त लक्षण मिळते. सर्वांस उद्देशून केलेल्या पुकाऱ्याला ‘पाठव’ या उत्तराची गरज नसते. संगणकावरील चूझर या आज्ञावलीत मुद्रकांची नावे अशाच पुकाऱ्याने गोळा होतात. नाव दिसते, पण निवडल्यावर मुद्रक प्रतिसाद देत नाही, असे घडल्यास तार व मुद्रक यांना दोष देऊ नये. अनुयोजक त्या मुद्रकाच्या वतीने उत्तर देत नाही, असेच बहुधा असते. नावच दिसत नसेल, तर मात्र तार, खोबण किंवा चूझरमध्ये ॲपलटॉक बंद असणे ही कारणे तपासावीत. स्मृतीस आधार देणारी लहान विद्युत् घटमाला संपली असल्यास ही योजना संगणक विसरू शकतो.

दुसरा दोष क्रमांकांचा. यंत्र सुरू होताना १ ते २५४ मधील एखादा क्रमांक निवडते व ‘हा कोणाचा आहे का?’ असे वारंवार विचारते. कोणी हरकत न घेतल्यास तो आपला मानते. अनुयोजक तेव्हा वाय-फायशी जोडला गेलेला नसेल, तर हरकत पोहोचत नाही व दोन यंत्रे एकच क्रमांक धारण करतात. मग एक यंत्र यादीत येते तेव्हा दुसरे नाहीसे होते. उपाय सोपा आहे : अनुयोजक आधी व इतर यंत्रे नंतर एकेक करून सुरू करावीत.

पुष्कळ हौशी अनुयोजक लोकलटॉकच्या चौकटी यूडीपी पॅकेटांत गुंडाळून बहुप्रक्षेपणाने (मल्टिकास्ट) पाठवितात. वाय-फायवर अशा पॅकेटांची पोच घेतली जात नाही, म्हणून ती गहाळ होतात. काही मार्गकारक (राउटर) ती तारेवरून वाय-फायकडे जाऊच देत नाहीत. ‘अतिथी’ जालावर तर यंत्रांना परस्परांशी बोलण्यासच सहसा मज्जाव असतो. गहाळ पॅकेट ॲपलटॉकचे वरचे स्तर पुन्हा मागवितात, पण त्याआधी काही सेकंद वाट पाहतात. त्यामुळे छपाई थांबत थांबत चालते. मुद्रक व संगणक यांपैकी एकास दोन मिनिटे दुसऱ्याकडून काहीच आले नाही, तर जोडणी तोडली जाते व पान अर्धवट राहते. अशा वेळी अनुयोजकाला ईथरनेटची तार जोडणे शक्य असल्यास ती जोडावी. वाय-फायचे संकेत वाढविण्याचे खटाटोप त्यामानाने कमी फलदायी ठरतात. ईएसपी३२ या लोकप्रिय सूक्ष्मनियंत्रकावरील अनुयोजकांना केवळ २.४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा कळतो, हेही ध्यानात ठेवावे.

हे सर्व ठीक असूनही फायली पलीकडे जात नसतील, तर पलीकडचा संगणकच ॲपलटॉक जाणत नाही असे असू शकते. ॲपलने २००९ मध्ये मॅक ओएस एक्सच्या १०.६ या आवृत्तीतून ॲपलटॉक काढून टाकले. नेटाटॉक या मुक्त आज्ञावलीनेही २०१२ मधील ३.० आवृत्तीत ते वगळले. २०२४ मधील ४.० आवृत्तीत ते परत आले. मधल्या काळातील आवृत्ती बसविलेली असल्यास २.x किंवा ४.० व तीनंतरची आवृत्ती वापरावी लागते.