कमठ्यास पडणारा पीळ व त्यावरील उपाय

जोंधळा हुरड्यास आला म्हणजे रानात माळा घालून पाखरे राखण्याची चाल आपल्या भागात जुनीच आहे. राखणदाराच्या हाती बहुधा गोफण असावयाची. परंतु कित्येक ठिकाणी गलोलही असे. हल्लीची मुले जी रबराची बेचकी बाळगतात ती गलोल नव्हे. बांबूच्या कांबीचा लहानसा कमठा, त्यास दुहेरी दोरी आणि मध्ये मातीची गोळी ठेवावयास जागा, असे जुन्या गलोलीचे स्वरूप होते. गोळी सुटताना मनगट किंचित फिरवून कमठा वाटेतून बाजूस घ्यावा लागतो. कमठ्यासच पीळ असेल तर गोळी नेमकी अंगठ्यावर बसते. अनेक जुन्या राखणदारांनी ही शिक्षा भोगलेली आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचा विषय संपला, आणि तो संपला हे बरेच झाले. मग कमठ्याची चर्चा आता कशास, असे वाचक विचारतील. कारण असे की, बांबूच्या धनुष्याने खेळावयाचा ‘इंडियन राउंड’ हा प्रकार शालेय तिरंदाजीत आहे, आणि खेड्यातील मुले घरी येऊन धनुष्य मागू लागली आहेत. बांधावर बांबू असला तर तोडण्याची अडचणही पूर्वीसारखी नाही. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. राहिला प्रश्न तो घडणावळीचा.

गेल्या साली आमच्या पुतण्याने हाच हट्ट धरला. आमच्या घरी माळवदाच्या सरांवर धामणीचा एक दांडा वडिलांनी तोडून ठेविलेला होता. धामणीस संस्कृतात धन्वन म्हणतात. धनुष्याचे नाते तिच्या नावातच आहे. लाकूड चिवट, वाकले तरी परत सरळ होणारे. आमच्या शिवारात आता धामणीचे झाड उरलेले नाही, तेव्हा हा दांडा बिघडला तर दुसरा मिळणार नव्हता. इतके ठाऊक असूनही आम्ही तो घाईनेच तासला, हे येथे कबूल करणे भाग आहे.

कमठा तयार झाला, दोरी चढविली. वरचा बाहू ठीक वाकला. खालचा मात्र वाकता वाकता एका अंगास कलू लागला. पुतण्याने जरा जास्त ओढ घेताच दोरी टोकावरून निसटली आणि त्याच्या हातावर वळ उठला. आम्हांस वाटले, जी कड पुढे आलेली दिसते तीच जाड असावी. म्हणून तीच तासली. पीळ दुपटीने वाढला. पुन्हा रंधा उचलणार तोच आमच्या गावचे वृद्ध सुतार अंगणात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पाटील, रंधा खाली ठेवा. आधी दोरीकडं बघा, मग धारेकडं.”

पिळाचे कारण एक नसते, आणि कारण न ओळखता लाकूड काढले तर बहुधा चुकीच्या कडेचे निघते. काढलेले लाकूड परत बसविता येत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे टोकाच्या खाचा तपासणे. दोन्ही अंगांच्या खाचा समोरासमोर व सारख्या खोल नसल्या तर दोरी मध्यरेषा सोडून बसते आणि निर्दोष बाहूसही पिळून काढते. कमठा मुठीशी टांगून त्यावर ओळंबा सोडावा. दोन्ही टोके व मूठ एका सुतात येतात की नाही ते कळते. आमच्या कमठ्याची एक खाच गव्हाभर वर होती. ती कानशीने सारखी केली तेव्हा थोडा पीळ आपोआप गेला, पण सगळा गेला नाही.

उरलेला पीळ कडांचा होता. बाहूची एक कड पातळ व दुसरी जाड असली म्हणजे दोरी ओढताच पातळ कड अधिक वाकते, ओढणाराकडे पुढे येते, आणि टोक त्याच अंगास सरकते. म्हणजे जी कड पुढे आली तीच दुबळी. हात लावावयाचा तो दुसरीस, मागे राहिलेल्या जबर कडेस. आमची चूक नेमकी येथे झाली होती. अंगठा व बोट यांच्या चिमटीत दोन्ही कडा धरून टोकापासून मुठीपर्यंत हात फिरविला तरी फरक समजतो. जबर कडेवर कोळशाने खूण करावी आणि पोटाच्या, म्हणजे ओढणाराकडील बाजूने काचेच्या तुकड्याने खरवडावे. रंधा किंवा वाकस येथे नको. आठदहा वेळा खरवडले की दोरी चढवून थोडी थोडी ओढ वीसतीस वेळा द्यावी व मग पाहावे. लाकडास नवा आकार अंगी मुरविण्यास तेवढा अवकाश लागतो. पाठीस हात लावू नये. ताण पाठीवर असतो. तिचे तंतू तुटले की कमठा तेथूनच फुटतो. बांबूच्या कांबीत तर पाठीची साल हाच सगळा जोर आहे.

तिसरे कारण जन्मजात. झाडाचे तंतूच मळसूत्राप्रमाणे फिरत गेलेले असतात. बाभळीच्या सालीवरील भेगा पाहिल्या म्हणजे हे उभ्या झाडावरच दिसते. भेगा खोडाभोवती वळत गेल्या असतील तर आतील लाकूडही वळलेले समजावे. असे लाकूड जुवास किंवा नांगराच्या हळसासही नको. कमठ्याचा दांडा म्हणून करवतीने कापू नये, पाचर ठोकून फोडावा. तो तंतूंच्या वाटेनेच फुटतो आणि खरा पीळ उघडा पडतो. दोन टोकांवर दोन सरळ कांड्या आडव्या ठेवून एका टोकाकडून नजर लावावी; कांड्या समांतर दिसत नसतील तेवढा पीळ. तो थोडा व सर्वत्र सारखा असून दोरी मध्यावर बसत असेल तर त्याच्या मागे लागू नये. बरीच चांगली धनुष्ये असा पीळ अंगी घेऊन आयुष्यभर काम देतात.

जास्त असेल तर उष्णतेचा उपाय आहे. ओलसर लाकूड वाफेने नरम होते. एक इंच जाडीस सुमारे एक तास वाफ असे साधारण मान धरतात. वाळलेल्या लाकडास तेल चोळून निखाऱ्यावर दूर धरून तापवितात. तेलाने ते करपत नाही. मूठ घट्ट बांधून टाकावी, टोकाशी आडवी काठी जखडून तिच्या एका अंगास दगड टांगावा आणि उलट्या बाजूस हवा त्याहून किंचित अधिक पिळावे, कारण सुटल्यावर लाकूड थोडे मागे येतेच. पूर्ण निवेपर्यंत सोडू नये. तापविलेले लाकूड फार कोरडे झालेले असते. आठ दिवस सावलीत ठेवून त्याने हवेतील ओल परत घेतल्यावाचून दोरी चढविली तर मोडण्याची भीती असते. आमच्या कमठ्यास हा उपाय लागला नाही.

वाळविण्यातील हयगयीने पडणारा पीळ मात्र टाळता येण्यासारखा असतो. नवा दांडा एका अंगाने उन्हात पडला की त्या अंगाने आधी आकसतो. दोन्ही तोंडांस शेणमातीचा जाड लेप देऊन दांडा सावलीत आडवा ठेवावा.

दोन संध्याकाळी खरवडून आमच्या कमठ्याचा पीळ गेला व दोरी मध्यावर आली. परंतु चुकीच्या कडेवरून आधी काढलेल्या लाकडाची बरोबरी करण्यासाठी दुसरी कडही तितकीच उतरवावी लागली. खालचा बाहू हलका पडला, म्हणून वरचाही तेवढाच हलका करावा लागला. ज्या दांड्यातून मोठ्या माणसाचा कमठा झाला असता त्यातून मुलाचा झाला. पुतण्याची त्याबद्दल तक्रार नाही. दोरी उतरवून तो कमठा दोन खुंट्यांवर आडवा, चुलीपासून दूर ठेवितो, आणि येत्या थंडीत बांधावरच्या बांबूची कांब त्याने स्वतःच फोडावयाची असे ठरले आहे.