जखमी एक, खाडा दोघांचा

दिवाळी उलटली की यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या अनेक तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेपायी मागं ठेवलेली पोरं एवढीच उरतात. धडधाकट जोडपी ऊसतोडीला गेलेली असतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटच्या पट्ट्यात. तसं पाहिलं तर तालुक्यात गुंजला आणि शेजारच्या उमरखेड तालुक्यात पोफाळीला कारखाने उभारलेले आहेत. पण मजूर जवळचा कारखाना बघून जात नाही, टोळी जमवणाऱ्या ज्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली तो नेईल तिथं जातो. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर वर्ष निघत नाही, म्हणून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती पेरणीत, लग्नात किंवा दवाखान्यात संपलेलीही असते. ‘कामासाठी परदेशी’ म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो. महागावच्या जोडप्याला मात्र पाच-सहाशे किलोमीटरवरचं, दवाखान्याची पाटी कानडीत असलेलं गाव परदेशच असतं. तिथं नवरा किंवा बायको जखमी झाली, तर दुसऱ्याने निभावायचं कसं? आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे धीर धरा. धीर या माणसांकडे मुबलक असतो. त्यांना नडतो तो हिशेब, आणि मुकादमाच्या वहीत तो ज्या रीतीने मांडला जातो ती रीत.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडपं. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला फारसं कुणी विचारत नाही. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला, वहीतलं पानही कोयत्याला. पानावर नाव बहुधा नवऱ्याचं. बायको त्या नावाच्या पोटात. काम मात्र दोघांच्या हातांत वाटलेलं. साधारणपणे नवरा बुडख्यापासून ऊस तोडतो, बायको पाचट काढते, वाढे वेगळे करते, मोळ्या बांधते. गाडी भरायची वेळ आली की डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. ती फळी जरा जवळून पाहावी. दवाने ओली, पाचटाने निसरडी, पुष्कळदा अंधारात, कारण गाडी उसाच्या फडात कधी लागेल हे मजुराच्या हातात नसतं. मोळीच्या वजनाने मान आखडलेली, त्यामुळे पाय कुठं पडतोय ते दिसत नाही, चाचपून टाकावा लागतो. घसरला तर माणूस खाली आणि मोळी त्याच्यावर. शिवाय नडगीवर बसलेला कोयता, पाचटातला साप, उलटलेली बैलगाडी, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीला रात्री बसलेली धडक. या दुखापती कामाच्या घडणीतच आहेत. तरी वहीत त्यांच्यासाठी एकच शब्द आहे: खाडा, म्हणजे कामाचा बुडालेला दिवस.

आणि पाय एकाचा मोडला तरी खाडा दोघांचा लागतो. हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४ मधल्या तोडग्यानंतर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक जोडपं दिवसाला दोन टन तोडतं असं धरलं, तर कोयत्याची कमाई ७३२ रुपये. उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला सुमारे १३७ दिवस काम हवं, तेही एक दिवस न चुकता. हंगाम चार-पाच महिन्यांचाच. त्यात वीस दिवस दुखण्यात गेले की ४० टनांचे १४,६४० रुपये बुडाले. यातले निम्मे तर धडधाकट माणसाचे, केवळ तो जखमीच्या उशाशी बसला म्हणून. तो फडात जातो म्हणाला तरी एकट्याने तोडायचं किती आणि भरायचं किती? वरून खाड्याचा दंड असेल तर तो वेगळा, दवाखाना वेगळा. जखमीचं दुखणं, सोबत्याची सेवा आणि आधीचं कर्ज, तिन्ही एकाच पानावर चढतात. सेवेला त्या पानावर मोल नाहीच, उलट तिची वसुली होते.

जखमी कोण झालं यावरही बरंच ठरतं. नवरा पडला तर बायकोने फड, राहायची कोपी, पोरं आणि दवाखाना एकटीने पेलायचा. बायको पडली तर पाणी, सरपण, भाकरी हे सगळंच थांबतं, आणि ते सुरू करायला पुष्कळदा गावाकडून एखादी पोर बोलावली जाते. जखमी आईच्या जागी ही पोर ‘बदली’ म्हणून फडात उतरली की तिची शाळा सुटते. तोडणीतल्या बाईचं शरीर हिशेबात किती अडचणीचं मानलं जातं, याचा पुरावा बीडने दिला आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे कारणं अनेक आहेत, डॉक्टरांची घाईही आहे. पण खाड्याची धास्ती हे त्यातलं एक होतं. दुखणं घेऊन जगण्यापेक्षा दुखणारा अवयवच काढून टाकणं जिथं परवडतं, तिथं मोडलेल्या पायाजवळ बसणाऱ्या माणसाची कदर कोण करणार?

हा दयेचा विषय नव्हे, कायद्याचा आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यात, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, कामावर झालेल्या तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के रक्कम देण्याची तरतूद आहे. आपल्या उदाहरणातल्या कमाईचा निम्मा वाटा एकाचा धरला तर महिन्याला १०,९८० रुपये होतात आणि पंधरवड्याची भरपाई २,७४५. दोन महिन्यांच्या प्लास्टरला चार हप्ते. रक्कम मोठी नाही, पण दवाखान्याजवळ दोन वेळचं पोट त्यात चालेल. घोडं अडतं ते दुसरीकडेच. कायदा विचारतो, या माणसाची मजुरी किती? वही सांगते, कोयत्याची एवढी. कायदा विचारतो, मालक कोण? कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम म्हणतो, मीही उचलीवरच जगतो. कंत्राटदारामार्फत काम करून घेणाऱ्या मूळ मालकाला जबाबदार धरण्याची सोय कायद्यात आहे; पण तोडणी हा कारखान्याच्या धंद्याचा भाग की शेतकऱ्याच्या, इथूनच वकिली सुरू होते. बायकोचं नाव तर कुठल्याच कागदावर नसतं. ती फळीवरून पडली तर नोंदीच्या दृष्टीने कुणीच पडलेलं नसतं.

यावर पहिला आक्षेप असा की आता विमा आहे, कार्डं आहेत, मग अडतं कुठं? आहेत, आणि ती घ्यायलाच हवीत. वर्षाला २० रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख देते, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. पण पाय जाण्याऐवजी नुसता मोडला, तर काही नाही. शिवाय तिचं वर्ष १ जूनला सुरू होतं. त्या सुमाराला खात्यातून वीस रुपये कापले गेले नाहीत तर विमा बंद, आणि तोडणीवरून परतलेल्या माणसाचं खातं तेव्हाच कोरडं असतं. आयुष्मान कार्ड परराज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ही खरोखर मोठी सोय आहे. तरी ते खाटेचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च उचलतं, खाटेशेजारी बसलेल्या माणसाच्या दिवसांचा नाही. स्वीडनमध्ये गंभीर आजारी आप्ताजवळ थांबणाऱ्याला शंभर दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. ते श्रीमंत देश, त्यांचं सोडा, असं कुणी म्हणेल. मग आपलंच उदाहरण घेऊ. ज्यांना परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, अशा कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. तिचं संरक्षण दहा लाखांचं, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपयांचा. त्यात कायमचं अपंगत्व आलेल्या कामगाराबरोबर मायदेशी येणाऱ्या सोबत्याचं विमानभाडंसुद्धा धरलेलं आहे. जखमीबरोबर एक माणूस लागतो, हे आपल्या सरकारला दुबईच्या बाबतीत कळलेलं आहे. बागलकोटच्या बाबतीत कळायचं आहे.

दुसरा आक्षेप मुकादमाच्या बाजूचा, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. तोही वाहतूकदाराकडून पैसे उचलतो, पुष्कळदा स्वतःची जमीन अडकवतो. दोन मुकादमांची उचल घेऊन तिसरीकडेच गेलेली जोडपीही असतात. मग खाडा माफ केला तर प्रत्येकाचं पोट दुखायला लागेल, असं तो म्हणणारच. पण पळून जाणं आणि पाय मोडणं यांतला फरक ओळखायला एक्स-रे पुरतो. सरकारी डॉक्टरच्या दाखल्यावर जेवढे दिवस लिहिले असतील तेवढे दिवस उचलीची वसुली थांबवली, तर मुकादमाचे पैसे बुडत नाहीत, लांबतात. उचल फिटेपर्यंत इथून हलायचं नाही, असं जखमी जोडप्याला सांगणं तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतं. राहिला सोबत्याच्या दिवसांचा खर्च. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे त्यातून पन्नास लाख होतात. जखमीच्या जोडीदाराला दिवसाला ३०० रुपये, जास्तीत जास्त तीस दिवस, असा भत्ता ठेवला तर तेवढ्यात साडेपाचशेहून अधिक जोडपी बसतात. एका कारखान्यावर एका हंगामात इतके गंभीर अपघात होत असतील, तर प्रश्न भत्त्याचा उरणार नाही, कारखान्याचाच होईल.

तिसरा आक्षेप जोडप्यांचाच असतो: आम्हाला एकत्रच राहायचं आहे, आमची जोडी कशाला फोडता? परक्या मुलखात बाईला एकटं राहणं धोक्याचं, दोन कोप्या घालणं खर्चाचं, आणि नवरा-बायकोचा कामातला मेळ दुसऱ्या कुणाशी जमत नाही. हे सगळं खरं आहे. फडात जोडी राहू द्यावी, फुटायला हवं ते वहीतलं पान. दोन नावं, दोन अंगठे, निम्मी-निम्मी मजुरी. असं झालं तर बायको पडल्यावर ती पडली असं लिहिता येतं, आणि नवरा तिच्याजवळ थांबला तर एकाचाच खाडा लागतो, तोही कारणासकट.

हे व्हायला वेळ लागेल. तोवर जाणाऱ्या जोडप्याच्या हातात काही गोष्टी आहेत, आणि त्या बहुतेक कागदाच्या आहेत. आयुष्मान कार्ड, रेशन कार्ड, आधार आणि पासबुक पेटीत घरी ठेवून जायची सवय मोडावी; निदान सगळ्यांचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असावेत. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर महाराष्ट्रात चालतो तसा कर्नाटकातही चालतो. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठावा. दवाखान्यात डॉक्टरला अपघात जसा झाला तसा सांगावा: ऊस भरताना पडलो, अमुक कारखान्याची गाडी होती. मुकादमाची भीड म्हणून ‘घरी पडलो’ असं लिहून घेतलं जातं, आणि पुढची भरपाई त्या दोन शब्दांत बुडते. पोलिसांत नोंद करावी, सुटीचा कागद जपावा. ट्रॉली-ट्रकची धडक असेल तर २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीवर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख पैसे न भरता उपचार होण्याची केंद्राची योजना आहे, तिचं नाव घेऊन विचारावं. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. भरपाईचा दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात लावला पाहिजे असं नाही. अर्जदार जिथं राहतो तिथंही तो लावता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. बागलकोटला मोडलेल्या पायाचा दावा यवतमाळ जिल्ह्यात चालू शकतो. कानडी तारखांना जायचे हेलपाटे वाचतात आणि जखमीला घरी आणल्यावर शांत डोक्याने अर्ज लिहिता येतो.

ऊसतोडणी यंत्रं वाढताहेत, दहा वर्षांनी कोयताच राहणार नाही, मग आता कशाला हे सगळं, असंही ऐकू येतं. यंत्राला मोठी, सलग रानं लागतात. लहान तुकड्यांत, ओल्या जमिनीत, बांधाच्या कोपऱ्यात अजून कोयताच चालतो, आणि येत्या पावसाळ्यातही मुकादम महागावच्या तांड्यांवर येणार आहे. वर्षातले तेवढेच काही दिवस गरज त्याची असते. टोळी भरायची असते, कोयते कमी पडत असतात, चहा होतो, पैसे मोजले जातात, कोऱ्या मुद्रांकावर अंगठा मागितला जातो. तो उठण्याआधी जखमी झालो तर दवाखाना कुणाचा आणि खाडा किती, हे त्याच कागदावर लिहून मागावं, बायकोचं नाव घालायला लावावं आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. एकट्याने मागितलं तर मुकादम शेजारच्या घरी जाईल. पुढल्या चार घरांतही तेच ऐकायला मिळालं, तर त्याला परत यावं लागेल.