तळघरातल्या घंट्या

वेल्समध्ये रेक्सहॅमजवळ एर्दिग नावाचा जुना वाडा आहे. त्याच्या तळघरातल्या बोळात भिंतीवर उंचावर घंट्यांची रांग दिसते. एकेक घंटी वरच्या एकेका दालनाची. एडवर्ड राजाच्या काळात, म्हणजे १९०१ ते १९१० या वर्षांत, इंग्रज जमीनदारांच्या वाड्यांतल्या नोकरांचा दिवस अशा घंट्यांच्या हाकेवर चाले.

यंत्र साधं, पण विचारपूर्वक केलेलं. दिवाणखान्यातली मूठ फिरवली की भिंतीआडून नेलेली तार ओढली जाई. तार जिथे वळे तिथे छोटी कोनाकृती तरफ. ती ओढ पुढे पोचवी आणि खाली स्प्रिंगवरची घंटी थरथरे. काही घंट्यांना लंबकही असे. नाद विरल्यावर तो क्षणभर झुलत राही, म्हणजे हातातलं काम टाकून धावत आलेल्यालाही बोलावणं कुठून आलं ते दिसे. घंट्या लहानमोठ्या, म्हणून स्वर निराळे. मुरलेली माणसं मान वर न करताच खोली ओळखत.

बोलावण्यासाठी इतकी कल्पकता खर्च झाली, आणि बोलावल्यावर करायचं ते काम मात्र माणसाच्या खांद्यावरच राहिलं. हे मला फार लागतं. कितीतरी वाड्यांत शयनगृहांपर्यंत गरम पाण्याचे नळ नव्हतेच. मोलकरणी मागच्या अरुंद जिन्याने भरलेले पितळी कॅन वर नेत आणि तेच सांडपाणी पुन्हा खाली आणत. हात स्वस्त होते, मग नळावर पैसा कोण घालणार? मालकमंडळी जागी होण्याआधी शेकोट्यांतली राख काढून, जाळ्या काळ्या पॉलिशने घासून, विस्तव पेटवलेला असे. हे करणारीला वर्षाकाठी साधारण वीसेक पौंड मिळत. कामावर रुजू होण्याआधी गणवेशाचं कापड बहुधा तिलाच घ्यावं लागे. काही घरांत फूटमनचं, म्हणजे गणवेशातल्या पुरुष नोकराचं, स्वतःचं नावही राहत नसे. आधीचा जेम्स गेला की नवा आलेलाही जेम्सच.

नोकरी सोडायची तर वर्तणुकीचा दाखला हवा, आणि तो द्यायला मालक कायद्याने बांधलेला नव्हता. दाखल्याशिवाय दुसरं चांगलं घर मिळणं कठीण.

खरं तर बहुतेक मोलकरणींच्या वाट्याला असा वाडा आलाच नाही. १९११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ लाख स्त्रिया घरकामात होत्या. त्यातल्या पुष्कळशा मध्यमवर्गीय घरांत एकट्याच राबत. वाड्यात निदान जेवायला चार माणसं सोबत असत.

एर्दिगचं वेगळेपण असं की, तिथल्या यॉर्क घराण्याने आपल्या नोकरांची तैलचित्रं काढून घेतली, त्यांच्यावर पद्यं रचली, पुढे छायाचित्रंही काढवली. जेन एब्रेल या वृद्ध मोलकरणीचं चित्र अठराव्या शतकातलं आहे. अशा माणसांचे चेहरे त्या काळी कोण जपत होतं? मी त्या चित्रांपुढे नम्र होते.

पण याच घरात १९०७ मध्ये स्वयंपाकघर आणि हिशेब सांभाळणाऱ्या एलन पेंकेथ यांच्यावर ५०० पौंडांच्या अपहाराचा आरोप झाला. घर चालवताना उधारी वाढत गेली होती, दुकानदारांची बिलं थकली होती. प्रकरण कोर्टात गेलं. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं.